पुण्याची हवा आणि नाकाचें वावडें

पुण्याच्या हवेची कीर्ति जुनी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंची, पश्चिमेस सह्याद्रीचा आडोसा, पाऊस बेताचा आणि उन्हाळ्यांतल्या रात्रीहि सोसवण्यासारख्या. एके काळीं मुंबईचें सरकार पावसाळ्याचे महिने येथें काढीत असे, आणि आजारानें खंगलेलीं माणसें हवापालटासाठीं पुण्यास येत असत. त्याच पुण्यांत आज भाद्रपदाचा पाऊस ओसरून टेकड्यांवरच्या गवताला तुरे येऊं लागले, कीं कित्येक घरांत सकाळ शिंकांनीं उजाडते. मूल अंथरुणांतून उठतें तें दहापंधरा शिंका देतच. नाक पाण्यासारखें वाहतें, डोळे चोळून चोळून लाल होतात. आणि थंडी पडली, कीं रात्रीं छातींतून सूं सूं असा आवाज येऊं लागतो. "सर्दीच ती, हवा बदलली म्हणून झाली," असें म्हणतां म्हणतां दोन वर्षें निघून जातात. तिसऱ्या वर्षीं 'दमा' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकूं येतो, आणि तो घराच्या भिंतींबाहेर जाऊं नये, मुलगी लग्नाची असेल तर मुळींच जाऊं नये, म्हणून सारें घर जपूं लागतें.

या विकारावर जे उपाय आहेत, त्यांत एक इतरांहून अगदीं निराळा आहे. गोळ्या, नाकांत मारावयाचे फवारे आणि श्वासाबरोबर ओढावयाचीं औषधें हीं सूज व लक्षणें आवरून धरतात, आणि त्यांचें तें काम मोलाचें आहे. परंतु हा उपाय शरीराची वृत्तीच बदलूं पाहतो. ज्या वस्तूचें वावडें, तीच वस्तु अत्यल्प प्रमाणांत, मग थोड्या थोड्या वाढत्या मात्रेनें, तीन तीन वर्षें टोंचावयाची, किंवा थेंबांच्या वा गोळीच्या रूपानें जिभेखालीं द्यावयाची, असा हा प्रकार. डॉक्टरांनीं तो सुचविला, कीं घरांत तीन शंका हटकून निघतात. या टोंचणीनें मुलाची रोगप्रतिकारशक्ति दुबळी तर होणार नाहीं? लशीचें काम एक-दोन टोंचण्यांत भागतें, मग हिलाच तीन वर्षें कां? आणि कांहीं महिने टोंचून घेतल्यावर रक्ताचा अहवाल पूर्वीपेक्षां वाईट कां आला? या तिन्ही शंकांचें उत्तर एकाच ठिकाणीं सांपडतें: टोंचणीनंतर शरीराच्या आंत काय घडतें, हें समजून घेण्यांत. तेंच येथें सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

वावडें म्हणजे काय

वावडें हा आपल्या भाषेंतला शब्द मोठा मार्मिक आहे. एखाद्याला वांगें चालत नाहीं. वांगें हें कांहीं विष नव्हे; पण त्या शरीराचें आणि वांग्याचें पटत नाहीं, इतकेंच. १९०६ सालीं व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं ग्रीक भाषेच्या आधारानें 'ॲलर्जी' हा शब्द घडविला, त्याचाहि अर्थ याच्या जवळपासचा आहे: शरीराची बदललेली, जगावेगळी वागणूक.

नाकाछातीचीं वावडीं बहुधा ठराविक वस्तूंचीं असतात: गवताचे व झाडांचे परागकण, ओल्या भिंतीवरची बुरशी, झुरळांच्या अंगाचा चुरा, मांजरकुत्र्यांचा कोंडा, आणि गादी-उशांत राहणारे, डोळ्यांस न दिसणारे, कोळ्याच्या कुळांतले जीव. घरच्या धुळींतला खरा अपराधी हा सूक्ष्म जीव होय, असें १९६४ सालीं हॉलंडांतील लायडन येथील संशोधकांनीं दाखवून दिलें. यांपैकीं कांहीं श्वासाबरोबर आंत गेलें, कीं नाकाच्या अस्तराखालीं पहारा करणाऱ्या पेशी त्याचा नमुना उचलून जवळच्या लसिका-ग्रंथींत नेतात आणि तेथल्या 'टी' पेशींपुढें ठेवतात. टी पेशी म्हणजे शरीराचें पंचमंडळच. निरोगी माणसांत हें मंडळ निकाल देतें, कीं हा निरुपद्रवी पाहुणा आहे, जाऊं द्या. वावडें असलेल्या माणसांत मात्र निकाल उलटा होतो. टी पेशींचा एक विशिष्ट वर्ग बळावतो, आणि त्याच्या इशाऱ्यावरून 'बी' पेशी 'आयजीई' नांवाचें प्रतिद्रव्य तयार करूं लागतात.

हें आयजीई रक्तांत फार थोडें असतें. त्याची खरी जागा म्हणजे नाकांतल्या, डोळ्यांतल्या आणि श्वासनलिकांतल्या 'मास्ट' पेशींचा पृष्ठभाग. मास्ट पेशी हीं हिस्टामिन नामक द्रव्यानें भरलेलीं कोठारें होत. पुढच्या खेपेस तोच परागकण आला आणि शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकाच वेळीं चिकटला, कीं कोठाराचें दार उघडतें. कांहीं मिनिटांतच शिंका, खाज आणि पाणी सुरू होतें. हा झाला पहिला हल्ला. चार ते आठ तासांनीं दुसरी लाट येते. तींत 'इओसिनोफिल' नांवाच्या पेशी जमतात, नाक चोंदतें, श्वासनलिका सुजतात आणि मग उदबत्तीच्या धुरानें किंवा गार वाऱ्यानेंहि त्या आवळूं लागतात. माळ्यावरच्या गोधड्या सकाळीं झाडल्या आणि दम संध्याकाळीं लागला, असें जें पुष्कळ गृहिणी सांगतात, त्याचें कारण ही दुसरी लाट होय. पहिल्या शंकेचें अर्धें उत्तर येथेंच मिळतें. या माणसांची प्रतिकारशक्ति दुबळी नसते. ती भलत्याच ठिकाणीं दक्ष असते.

एक गवत, दोन वावडीं

पुण्याचें नांव या शास्त्रांत एका गवतामुळें आलें आहे. गाजरगवत, काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी या नांवांनीं ओळखली जाणारी ही अमेरिकेंतली वनस्पति १९५५ सालीं पुण्यांत आढळली, आणि पुढच्या वर्षीं तिची नोंद मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. अमेरिकन गव्हाबरोबर तिचें बीं आलें, असा लोकांत समज आहे. त्यापूर्वीं ती या देशांत येऊन पोंचल्याचे दाखलेहि वनस्पतिशास्त्रज्ञांनीं पुढें आणले आहेत. तें कसेंहि असो. पांढऱ्या बारीक फुलांच्या या झुडपानें रस्त्यांच्या कडा, रिकामीं आवारें आणि शेताचे बांध व्यापून टाकले. थोड्याच वर्षांत शेतकरी, माळी आणि पहाटे फिरावयास जाणारीं वयस्क माणसें चेहऱ्यावर, मानेवर व हातांवर काळा खाजरा चट्टा घेऊन दवाखान्यांत येऊं लागलीं. पुण्यांतील अशा रोग्यांविषयींचा निबंध १९७४ सालीं लंडनच्या त्वचारोगविषयक नियतकालिकांत छापून आला.

पुढें बंगळूरच्या संशोधकांनीं याच गवताचा पराग नाकाच्या विकारासहि कारण होतो, असें दाखविलें. एकच गवत, पण त्याचीं हीं दोन वावडीं निरनिराळ्या जातींचीं आहेत. कातडीवरचा विकार त्या गवतांतल्या 'पार्थेनिन' नामक द्रव्यानें होतो. तेथें टी पेशी स्वतःच हल्ला करतात, आणि तो दिसूं लागावयास एक-दोन दिवस लागतात. नाकांतला विकार परागांतल्या प्रथिनांमुळें, आयजीई व मास्ट पेशी यांच्या द्वारां, मिनिटांत होतो. ज्या टोंचणीविषयीं आम्ही लिहीत आहों, ती या दुसऱ्या जातीसाठीं आहे. वावडें कशाचें आहे एवढेंच नव्हे, तर कोणत्या जातीचें आहे, हें ठरविल्यावांचून टोंचणी सुरू करणें म्हणजे पत्ता न वाचतां पत्र टाकण्यासारखें होय.

चुकीची कल्पना, योग्य उपाय

या उपायाचा इतिहास मनोरंजक आहे. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच दर उन्हाळ्यांत नाकाचा त्रास होई. त्यांनीं स्वतःच्या नाकांत व हातावर पराग लावून प्रयोग केले, आणि हा ताप उन्हाचा नसून परागांचा आहे, असें १८७३ सालीं ग्रंथ लिहून प्रतिपादन केलें. पुढें १९११ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांतील लेनर्ड नून यांनीं परागांचा अर्क काढून तो रोग्यांस वाढत्या मात्रेनें टोंचला, आणि रोग्यांस गुण आला. परागांत कांहीं विष असावें आणि तें थोडें थोडें टोंचल्यानें शरीरांत त्यावर उतारा तयार होईल, अशी नून यांची समजूत होती. परागांत विष नसतें. तेव्हां समजूत चुकीची होती, पण उपाय बरोबर निघाला. दोनच वर्षांनीं नून क्षयानें वारले. त्यांचें काम त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनीं चालविलें.

उपाय आधीं आणि उपपत्ति मागाहून, असें येथें झालें. १९२१ सालीं जर्मनींत प्राउस्नित्स व क्युस्टनर या दोघांनीं एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर यांना माशांचें वावडें होतें. त्यांच्या रक्ताचा रस प्राउस्नित्स यांनीं स्वतःच्या कातडींत टोंचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचतांच तेथें गांधी उठली. वावडें हें रक्तांतून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतें, तेव्हां तें वाहून नेणारें कांहीं द्रव्य रक्तांत असलेंच पाहिजे, हें सिद्ध झालें. तें द्रव्य म्हणजे आयजीई. तें ओळखावयास १९६६-६७ साल उजाडलें; अमेरिकेंत इशिझाका पतिपत्नी आणि स्वीडनमध्यें योहानसन व बेनिच यांनीं तें स्वतंत्रपणें शोधून काढलें.

टोंचणीनंतर आंत काय घडतें

पुणेकरांस लस नवी नाहीं. हाफकिन यांनीं प्लेगावरची लस मुंबईंत तयार केली ती १८९७ सालीं, पुण्यांत प्लेग थैमान घालीत असतांना. आणि हडपसरला १९६६ सालीं स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशी आज जगभर जातात. म्हणूनच वावड्याची टोंचणीहि एक प्रकारची लस असावी, असें वाटणें साहजिक आहे. परंतु दोहोंचा उपदेश परस्परविरुद्ध आहे. लस पेशींना सांगते, "हा चेहरा लक्षांत ठेवा, दिसतांच तुटून पडा." वावड्याची टोंचणी सांगते, "हा चेहरा लक्षांत ठेवा, हा शत्रु नव्हे."

हा उपदेश शरीराच्या गळीं उतरतो तो पायरीपायरीनें. पहिली पायरी थोड्याच दिवसांत येते. अल्प मात्रा वारंवार पोंचल्यानें मास्ट पेशी व त्यांच्या जातभाई 'बेसोफिल' पेशी पूर्वीसारख्या चटकन पेटत नाहींत.

दुसरी पायरी कांहीं आठवड्यांनीं येते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची होय. टी पेशींतच एक वर्ग असा आहे, कीं ज्याचें काम लढण्याचें नसून आवरण्याचें आहे. घरांतलें वडील माणूस ज्याप्रमाणें क्षुल्लक कारणावरून हमरीतुमरीवर आलेल्या तरुणांस नुसत्या नजरेनें गप्प बसवितें, त्याप्रमाणें या नियामक पेशी 'इंटरल्यूकिन-१०' वगैरे द्रव्यें सोडून तापट पेशींना शांत करतात. जपानचे शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं या पेशींची ओळख पटविली, आणि मेरी ब्रुंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना २०२५ चें वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. अतिपरिचयानें अवज्ञा होते असें आपण म्हणतों. परागाशीं मोजूनमापून घडविलेल्या अतिपरिचयानें शरीर त्याची अवज्ञा करावयास शिकतें, आणि ती शिकवण या नियामक पेशींच्या द्वारां मिळते. आयुर्वेदांत 'ओकसात्म्य' असा शब्द आहे; सवयीनें शरीरास जें मानवूं लागतें, तें ओकसात्म्य. आयुर्वेदाला परागाची टोंचणी ठाऊक होती, असें यावरून कोणी समजूं नये. पण या घटनेला आपल्या भाषेंत याहून जवळचा शब्द मिळणें कठीण.

तिसरी पायरी कांहीं महिन्यांनीं रक्तांत दिसूं लागते. नियामक पेशींच्या प्रभावाखालीं बी पेशी आयजीईच्या ऐवजीं 'आयजीजी-४' नांवाचें सौम्य प्रतिद्रव्य करूं लागतात. तें परागाला वाटेंतच गांठतें आणि मास्ट पेशींपर्यंत पोंचूं देत नाहीं. टोंचणी घेतलेल्या रोग्यांच्या रक्तांत असें अडविणारें कांहीं असतें, हें न्यूयॉर्कच्या रॉबर्ट कुक यांनीं १९३५ सालींच दाखविलें होतें.

चवथी पायरी फार सावकाश येते. नाकाच्या अस्तरांतलीं हिस्टामिनचीं कोठारें व इओसिनोफिल कमी होतात, आणि आयजीई उतरूं लागतें. मात्र उतरण्यापूर्वीं, म्हणजे उपचाराच्या पहिल्या महिन्यांत, तें बहुधा वाढतें. कारण उघड आहे: जुन्या पेशींनाहि तोच पराग भेटत असतो, आणि त्यांची जुनी खोड लगेच जात नाहीं. अहवालांतला वाढलेला आंकडा पाहून टोंचणी सोडून देणारीं कुटुंबें नेमक्या या जागीं फसतात. या उपचाराचें यश आयजीईच्या आंकड्यावर मोजावयाचें नसतें. मुलाच्या शिंका किती कमी झाल्या, रात्रींची झोंप किती सुधारली, औषधें किती उतरलीं, यांवर मोजावयाचें असतें.

आतां पहिल्या शंकेचें उरलेलें उत्तर. ही शिकवण ज्या वस्तूची टोंचणी दिली तिच्यापुरतीच असते. परागाकडे दुर्लक्ष करावयास शिकलेलें शरीर क्षयाच्या किंवा विषमज्वराच्या जंतूंकडे दुर्लक्ष करीत नाहीं.

तीन वर्षें कां

लढावयास शिकविणें सोपें. शिकलेलें वैर विसरावयास लावणें कठीण. सुरुवातीला आठवड्यास एक याप्रमाणें तीन ते सहा महिने मात्रा वाढवीत नेतात, आणि मग पूर्ण मात्रा महिन्यास एक याप्रमाणें तीन ते पांच वर्षें चालते. पहिल्या वर्षांत बरें वाटूं लागलें म्हणजे "आतां कशाला?" असें घरांत निघतेंच. याचें उत्तर दोन प्रयोगांनीं दिलें आहे, आणि ते दोन्ही नून यांच्याच लंडन शहरांत झाले. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गवताच्या परागाची टोंचणी तीन-चार वर्षें घेतलेल्या रोग्यांचा आराम ती थांबविल्यानंतरहि निदान तीन वर्षें टिकला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उपचार दोनच वर्षें दिला. तो चालू असतां गुण आला, पण थांबविल्यावर वर्षभरानें पाहतां ज्यांना नुसतें पोकळ औषध दिलें होतें त्यांच्यांत आणि यांच्यांत म्हणण्यासारखा फरक उरला नाहीं. दोन वर्षांत शरीर परागाला सोसावयास शिकतें. तीन वर्षांनीं तें ती संवय बाळगावयास शिकतें. अर्ध्यावर सोडलेली टोंचणी म्हणजे पैसा, वेळ आणि मुलानें सोसलेल्या सुया या तिहींचा अपव्यय होय.

सावधगिरी

हा उपाय जितका गुणकारी तितकाच जपून करावयाचा आहे. कारण ज्याचें वावडें तेंच आपण शरीरांत घालीत असतों. ब्रिटनमध्यें १९५७ पासून अशा टोंचण्यांमुळें २६ मृत्यु झाल्याचें १९८६ सालीं तेथील औषधसुरक्षा समितीनें जाहीर केलें. ज्या रोग्यांची माहिती उपलब्ध होती त्यांतले बहुतेक दमेकरी होते. तेव्हांपासून नियम कडक झाले. दमा आटोक्यांत नसतां टोंचणी देऊं नये. टोंचणी दवाखान्यांतच घ्यावी, नंतर निदान अर्धा तास तेथेंच बसावें, आणि तेथें ॲड्रिनलीनचें इंजेक्शन तयार असावें. घरच्या घरीं किंवा शेजारच्या ओळखीच्या माणसाकडून ती टोंचून घेणें म्हणजे जिवाशीं खेळ. जिभेखालचा प्रकार यापेक्षां निर्धोक. तरी त्याचीहि पहिली मात्रा डॉक्टरांसमोरच घ्यावयाची असते. रक्तदाबासाठीं 'बीटा-ब्लॉकर' वर्गाच्या गोळ्या चालू असल्यास तें आधीं सांगावें. गरोदरपणांत हा उपचार नव्यानें सुरू करीत नाहींत.

टोंचणीपूर्वीं हातावर अर्काचे थेंब ठेवून बारीक टोंचे देतात व पंधरावीस मिनिटांनीं उठलेली गांधी मोजतात. गांधी उठली म्हणजे रोग ठरला असें नव्हे. ती वस्तु आणि मुलाच्या त्रासाचा ऋतु, जागा व वेळ यांचा मेळ बसला पाहिजे. म्हणून कोणत्या महिन्यांत, कोणत्या खोलींत, कशानें त्रास होतो, याची टिपणवही घरानें ठेवावी; ती वीस वस्तूंच्या छापील यादीपेक्षां डॉक्टरांस अधिक उपयोगीं पडते. आणि टोंचणी चालू आहे म्हणून घरची स्वच्छता सोडूं नये: उशांचे अभ्रे व चादरी आठवड्यास कढत पाण्यांत धुवाव्या, ओल आलेली भिंत दुरुस्त करावी, आवारांतलें गाजरगवत फुलण्यापूर्वीं हातमोजे घालून मुळासकट काढावें. छातीचीं चालू औषधें तर डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून मुळींच बंद करूं नयेत.

शेवटीं, दमा लपविण्याविषयीं. लोकांपासून तो लपवावा कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें पाहावें. परंतु पुष्कळदां लोकांपासून लपवितां लपवितां तो डॉक्टरांपासूनहि लपविला जातो, आणि 'नुसती सर्दी' म्हणून सांगितलेल्या मुलीला टोंचणी दिली जाते. वर सांगितलेल्या मृत्यूंचा धडा नेमका हाच आहे. ज्या घरानें आजाराचें नांव वेळेवर घेतलें, तेथें उपचार वेळेवर सुरू होतो; आणि लवकर सुरू केलेल्या टोंचणीनें नाकाचा विकार असलेल्या कांहीं मुलांत पुढचा दमा टळतो, असेंहि युरोपांतील मुलांवरच्या प्रयोगांत दिसून आलें आहे. पुण्याची जुनी हवा परत आणणें कोणा एका घराच्या हातीं नाहीं. मुलाच्या शरीराला त्या हवेशीं जमवून घ्यावयास तीन वर्षें धीरानें शिकविणें मात्र घराच्या हातीं आहे.